दांतांवरील चिनी मातीचा पापुद्रा

हसतील त्याचे दांत दिसतील, अशी म्हण आहे. पण दिसणारे दांत कोणत्या रूपांत सुंदर मानावेत, याविषयीं सर्व समाजांचें एकमत कधींच नव्हतें. संस्कृत कवींना ते कुंदकळ्यांसारखे शुभ्र हवेत. जपानांत एके काळीं विवाहित स्त्रिया ते काळे करीत. महाराष्ट्रांतहि दांतवण लावून दांत काळे करण्याची चाल होती. शुभ्रतेच्या हौसेसाठीं चिनी मातीचा आश्रय घेण्याची कल्पना मात्र युरोपांतली, आणि तिचा उगम सौंदर्यांत नसून दुर्गंधींत आहे.

पॅरिसनजीक राहणाऱ्या अलेक्सी दुशातो या औषधविक्याची हस्तिदंती कवळी डागाळे व तिला घाण येई. इ. स. १७७४ च्या सुमारास त्यानें ती चिनी मातीची करून पाहिली. निकोला दुबुआ द शेमाँ या दंतवैद्यानें ही कृति सुधारली व लंडनला जाऊन १७९१ मध्यें तिचें पेटंट मिळविलें. १८०८ मध्यें फोन्झी या इटालियन दंतवैद्यानें पॅरिसमध्यें प्लॅटिनमचे आंकडे बसविलेले सुटे दांत पुढें आणले. पण हीं साधनें दांत गेल्यावर उपयोगी पडणारीं. दांत शाबूत आहे, पण डागाळलेला किंवा टवका उडालेला आहे, त्याचें काय करावें?

सुतार साध्या लाकडावर सागवानाचा पातळ पापुद्रा चिकटवून फळी देखणी करतो. हीच युक्ति कॅलिफोर्नियांतील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यानें १९२८ च्या सुमारास दांतांवर योजली. चित्रपटांत नटनटींचे चेहरे अगदीं जवळून दिसत आणि दांतांतलें लहानसें व्यंगहि लपत नसे. पिंकसनें त्यांच्यासाठीं पातळ मुखवटे बनविले. कवळीच्या चिकट भुकटीनें ते बसवीत आणि चित्रण संपलें कीं काढून ठेवीत. रूप आलें, पण टिकेना. कारण ओल्या, गुळगुळीत दांताला कांहींच घट्ट चिकटत नसे.

ही अडचण सुटण्यास पाव शतक जावें लागलें. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत तिचा पृष्ठभाग फॉस्फरिक आम्लानें तयार करीत. १९५५ मध्यें अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील मायकेल ब्यूनोकोर यानें तेंच आम्ल ३० सेकंद दांताच्या कठीण कवचाला, म्हणजे दंतवल्काला, लावलें. त्यावर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडले आणि त्यांत शिरलेली राळ रुतून बसली. १९६२ मध्यें राफेल बोवेन यानें अधिक मजबूत कृत्रिम राळेचें पेटंट मिळविलें. पुढें १९८३ मध्यें सायमनसेन व कॅलेमिया यांनीं पोर्सेलिनची आंतली बाजूहि हायड्रोफ्लुओरिक आम्लानें खरबरीत केल्यास राळ तिलाहि तशीच धरते, हें दाखवून दिलें. मुखवट्याचें दागिन्यांत रूपांतर झालें तें येथें.

हा पापुद्रा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. प्रकाश त्यांत किंचित् शिरून परततो; म्हणून दांत रंगविलेला न वाटतां जिवंत दिसतो. चहाचा डागहि त्यावर सहज बसत नाहीं. परंतु त्याला जागा करण्यासाठीं बहुधा दंतवल्काचा थर घांसावा लागतो, आणि दंतवल्क पुन्हां उगवत नाहीं. पापुद्रा फुटला तर दुसरा बसवितां येतो. घांसलेला दांत पूर्ववत् होत नाहीं. कीड वा हिरडीचा रोगहि त्यानें बरा होत नाहीं.

शिवाय, दंतवल्क जितकें शिल्लक, तितकी पापुद्र्याची पकड पक्की. म्हणजे दोनशें वर्षांच्या खटपटीनंतरहि चिनी मातीचें हें सौंदर्य निसर्गानें दिलेल्या कवचाच्याच आधारावर उभें आहे.