ओळख विचारणारा टॉवर

१ जुलै १९९१. फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी तांपेरे शहराच्या उपमहापौर कारिना सुओनियो यांना फोन लावला. जीएसएम या डिजिटल मोबाइल जाळ्यावरचा हा पहिला व्यावसायिक कॉल. या फोनकडून दोन अपेक्षा होत्या. मालकाबरोबर देशोदेशी हिंडायचं आणि जाईल तिथे ‘मी तोच’ हे पटवून द्यायचं.

आधीच्या फोनांना यातलं दुसरं जमलं नव्हतं. शिकागोत १९८३ साली सुरू झालेल्या अ‍ॅनालॉग सेवेत फोन आपले ओळखक्रमांक हवेतून उघडेच पाठवत असे. स्कॅनर लावून बसलेला भामटा ते टिपून दुसऱ्या हँडसेटात भरायचा. बोलायचा तो, बिल भरायचा भलताच.

जीएसएमने उत्तर शोधलं सिमकार्डात. सिममध्ये एक गुप्त किल्ली असते आणि तिची जोडी फक्त मूळ कंपनीकडे. ग्राहक परदेशात उतरला की तिथलं जाळं मूळ कंपनीकडे चौकशी करतं. तिथून किल्ली येत नाही; येतो एक आकडा, त्याचं अपेक्षित उत्तर आणि संभाषणाला कुलूप घालण्यापुरती तात्पुरती किल्ली. सिमने तेच उत्तर काढलं, तरच पाहुण्याला आत घेतात. खरं गुपित यजमानाला शेवटपर्यंत कळत नाही. याच व्यवस्थेवर १९९२ मध्ये टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनची व्होडाफोन यांनी पहिला रोमिंग करार केला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला भारतातला पहिला मोबाइल कॉलही जीएसएमवरचाच.

पण चौकशी एकतर्फी होती. टॉवर फोनला ओळख विचारी; फोन टॉवरला काहीच विचारत नसे.

बनावट टॉवर उभारणाऱ्यांना ही आयतीच वाट सापडली. २०१० मध्ये लास वेगासमधल्या हॅकरांच्या डेफ कॉन परिषदेत सुमारे दीड हजार डॉलरच्या साहित्यातून तसा टॉवर चालवून दाखवण्यात आला.

थ्रीजीने तोवर चूक सुधारली होती: सिमही जाळ्याची परीक्षा घेऊ लागलं. २००६ मध्ये वाय-फायच्या दारातही सिमनेच ओळख पटवण्याच्या पद्धती प्रसिद्ध झाल्या. फाइव्हजीत तर ग्राहकाचा कायमचा क्रमांकही झाकून पाठवण्याची सोय आली.

तरीही नव्या जाळ्याची रेंज गेली की फोन टूजीवर, म्हणजे जुन्या जीएसएमवर, उतरू शकतो आणि १९९१ची एकतर्फी चौकशी पुन्हा सुरू होते. म्हणून अँड्रॉइड १२ पासून काही फोनांत टूजी बंद करण्याचं बटण आलं.