नऊ जणी धावल्या, छापल्या अकरा

माझी नात शाळेच्या स्पर्धेत आठशे मीटर धावली. रेषा ओलांडली आणि पोर गवतावर उताणी पडली. माझ्या काळजाचा ठोका चुकला. पाण्याची बाटली घेऊन मी धावत गेले, तर ती हसत म्हणाली, "सावता, सगळेच पडतात. मुलगेसुद्धा पडतात."

तिचे खरेच होते. पण मुंबईत आम्ही शाळेत होतो तेव्हा खेळांच्या दिवशी मुलींची शर्यत शंभर मीटरला संपायची. पुढचे अंतर मुलग्यांचे. का, असे विचारले तर "बायकांना झेपत नाही" एवढे उत्तर मिळे आणि ते आम्हांला पटतही असे. पुढे वाचनात आले, की या उत्तराला जगभर बळ देणारी एक वर्तमानपत्री बातमी होती आणि ती बातमी खोटी होती. तिची हकीकत वाचकांना सांगावी, म्हणून हा लेख.

अ‍ॅमस्टरडॅम, १९२८. हे नाव आणि साल आपल्या पिढीला ध्यानचंदमुळे पाठ आहे. हिंदुस्थानने हॉकीचे पहिले सुवर्णपदक तिथे मिळवले. त्याच ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना मैदानी शर्यतींत प्रथमच प्रवेश मिळाला. आधुनिक ऑलिंपिकचे जनक कुबेर्तँ यांचा स्त्रियांच्या सहभागाला अखेरपर्यंत विरोध होता. तरी पाच प्रकार मिळाले : शंभर मीटर, आठशे मीटर, उंच उडी, थाळीफेक आणि चार जणींची रिले. पाचच का, म्हणून इंग्लंडच्या मुली रुसल्या आणि गेल्याच नाहीत.

२ ऑगस्ट रोजी आठशे मीटरची अंतिम शर्यत झाली. नऊ जणी धावल्या. जर्मनीची लीना राड्के २ मिनिटे १६.८ सेकंदांत पहिली आली. तो जागतिक विक्रम होता. जपानची किनुए हितोमी दुसरी व स्वीडनची इंगा गेंत्सेल तिसरी आली आणि त्या दोघींचीही वेळ आधीच्या विक्रमाहून सरस होती. नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. काही जणी दमून गवतावर टेकल्या, एखादी पडली. माझी नात पडली तशीच.

दुसऱ्या दिवसापासून छापून आले ते निराळेच. एका अमेरिकन वार्ताहराने लिहिले, की मैदानावर अकरा बिचाऱ्या बायका होत्या. पाच जणींनी शर्यत अर्धवट सोडली आणि पाच जणी रेषेपाशी कोसळल्या. धावणाऱ्या नऊ, आणि त्याच्या मोजणीत अकरा! ज्याला माणसे मोजता आली नाहीत त्याने पडलेल्या कशा मोजल्या, हे कोणी विचारले नाही. इतर पत्रांनीही तोच सूर धरला. डॉक्टरांची मते छापली गेली, की अशा श्रमाने मुली अकाली म्हाताऱ्या होतील. विक्रमाची बातमी मागे पडली आणि कोसळण्याची पुढे आली.

ज्यांना स्त्रियांचे खेळ मुळातच नको होते त्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने आठशे मीटरची शर्यत काढून टाकली. त्यानंतर १९५६ पर्यंत ऑलिंपिकमध्ये स्त्रीला दोनशे मीटरच्या पलीकडे धावण्याची मुभा नव्हती. आठशे मीटर परत आली ती १९६० साली रोममध्ये. बत्तीस वर्षे! बाविसाव्या वर्षी जिची संधी गेली, ती रोमच्या वेळी चोपन्न वर्षांची झाली होती.

त्या नऊ जणींतल्या दोघींची गोष्ट आपण मुद्दाम ध्यानात ठेवावी, कारण दोघींचा वर्तमानपत्राशी संबंध होता.

पहिली हितोमी. ती ओसाकाच्या 'माइनिची' या पत्रात नोकरीला होती. शंभर मीटरमध्ये पदक हुकले, म्हणून ती आठशे मीटरमध्ये उतरली आणि रौप्यपदक घेऊन आली. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली जपानी स्त्री. पुढे आजारी पडून वयाच्या चोविसाव्या वर्षी ती वारली. तारीख २ ऑगस्ट १९३१, त्या शर्यतीला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी.

दुसरी फॅनी रोझेनफेल्ड, सगळे तिला 'बॉबी' म्हणत. ही आपल्या यहुदी समाजातली. रशियन साम्राज्यातल्या येकातेरिनोस्लाव्ह गावी जन्मली. ती तान्ही असतानाच आईबाप देश सोडून कॅनडाला गेले. बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेल्या घरातली मुलगी, म्हणजे आपल्यासारखीच. टोरोंटोच्या चॉकलेटच्या कारखान्यात ती लघुलेखकाचे काम करी आणि उरलेल्या वेळात जो खेळ पुढे येईल तो खेळे. तिथल्या हिब्रू तरुणींच्या संस्थेकडून ती बास्केटबॉल खेळली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तिने शंभर मीटरला रौप्य आणि रिलेत सुवर्ण मिळवले.

आठशे मीटर तिची शर्यत नव्हतीच. तिच्या संघातली जीन थॉम्पसन ही लहान मुलगी दुखापतीतून उठून धावणार होती. तिला धीर द्यायला बॉबी उतरली. शेवटच्या टप्प्यात जीनचे पाय जड झाले. बॉबी मागून येऊन तिच्या बरोबरीला आली, पण पुढे गेली नाही. बोलत बोलत तिला रेषेपर्यंत नेले, तिला चौथी येऊ दिले आणि स्वतः पाचवी आली. ज्या शर्यतीवर 'अबलांचे हाल' म्हणून रकाने भरले, तिच्यात हे घडत होते. वार्ताहराच्या नजरेत ते भरले नाही.

पुढच्याच वर्षी बॉबीला संधिवाताने गाठले. त्यातून उठून ती पुन्हा खेळली, पण दुखणे परतले आणि तिचे खेळणे संपले. मग तिने लेखणी उचलली. टोरोंटोच्या 'ग्लोब अँड मेल'मध्ये सुमारे वीस वर्षे तिने खेळांचे सदर चालवले. खेळणाऱ्या मुली बायकी राहत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना ती छापील उत्तर देई. १९५० साली कॅनडाच्या पत्रकारांनी तिला अर्ध्या शतकातली सर्वश्रेष्ठ स्त्री खेळाडू म्हणून निवडले. १९६९ साली ती निवर्तली.

आता आपल्या दोन देशांकडे वळू. १९७० च्या बँकॉक आशियाई खेळांत इस्राएलच्या हाना शेझीफीने आठशे आणि पंधराशे मीटरची सुवर्णपदके जिंकली. त्याच मैदानावर कमलजीत संधूने चारशे मीटरमध्ये भारताला सुवर्ण मिळवून दिले. आशियाई खेळांत वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. ही सगळी अंतरे एकेकाळी स्त्रियांना 'न झेपणारी' होती. १९८४ साली लॉस एंजेलिसला शायनी अब्राहम आठशे मीटरच्या उपांत्य फेरीत पोचली. आडनाव ऐकून आपल्यापैकी काहींनी "आपलीच का हो?" असे विचारलेही असेल. नाही, ती केरळची ख्रिस्ती मुलगी. पण आनंद व्हायला नाते कशाला हवे? २०१६ मध्ये रिओला साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावून दहावी आली. दुष्काळी माणदेशातल्या मोही गावची ही लेक.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला बावन्न धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तो नवी मुंबईत नेरूळला. पनवेलकडे ज्यांचे आजोळ आहे त्यांना तो परिसर सांगायला नको. दुसऱ्या दिवशी मराठी दैनिकांची पहिली पाने त्या मुलींच्या छायाचित्रांनी भरून गेली. पण पहिले पान विजयाच्या दिवशी मिळते. एरवीच्या दिवशी कोण मोजतो, कोण लिहितो आणि नीट मोजून लिहितो का, हा प्रश्न राहतोच. १९२८ साली नऊ जणींना अकरा करणारा माणूस दुष्ट होता असे मी म्हणणार नाही. त्याला जे दिसायला हवे होते ते त्याने पाहिले, एवढेच. आणि त्याची किंमत त्याने नाही, दोन पिढ्यांच्या मुलींनी दिली.

आपल्या समाजातही शाळा-कॉलेजच्या, क्लबांच्या मैदानांवर खेळलेल्या कितीतरी मुली आहेत. त्या आज आज्या झाल्या आहेत. लग्नानंतर आडनावे बदलली, अलिया करताना सामान कमी करावे लागले आणि चषक मुंबईतच कोणाच्या तरी माळ्यावर राहिले. वर्तमानपत्राने त्यांच्यावर चार ओळी लिहिल्या नाहीत. आपण लिहू शकतो. वाचकहो, घरातले जुने फोटो काढा. आजीला, मावशीला, आत्याला विचारा आणि फोटोच्या पाठीमागे नाव, माहेरचे आडनाव, साल, खेळ आणि कितवा क्रमांक ते लिहून ठेवा. शेवटचा क्रमांक आला असेल तर तोही लिहा. फक्त मोजताना चूक करू नका.