काशीला सोन्याचं मांजर

इंदूरच्या मराठी घरांच्या आठवणी निघाल्या की राजवाडा, सराफा, गणपती, पोहे-जिलबी हे सगळं येतं. मी आज आमच्या वाड्यातल्या मांजरांबद्दल लिहिणार आहे. हसू नका. त्यात प्लेगचा इतिहास आहे आणि माझी एक चूकही आहे.

आमच्याकडे मांजर लाडाचं नव्हतं. वर्षाचा गहू एरंडेल लावून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीच्या खोलीत भरला जायचा, आणि त्या खोलीचं मांजर हे नोकरीवरचं माणूस असल्यासारखं होतं. घरात गादीवर यायची मुभा नाही, पण तिन्हीसांजेला कोठीच्या उंबऱ्याशी दूध-पोळीची वाटी ठरलेली. कुणी म्हणालं, "खायला घातलं तर उंदीर कशाला धरेल?" तर आजी म्हणायची, "वाटीसाठी ते घरी राहतं. उंदीर ते स्वभावानं धरतं." हे अगदी खरं आहे. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं. उपाशी ठेवलं तर दुसऱ्याच्या घरी निघून जातं.

ही वाटी पणजीपासूनची. ती लग्न होऊन आली ती प्लेगच्या वर्षांत. प्लेग 1896 साली मुंबईत आला आणि पुढे सगळीकडे पसरला. 1898 मध्ये पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदरांवरच्या पिसवांमधून हा रोग पसरतो. तेव्हा फारसं कुणी मानलं नाही. सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. पण 'उंदीर पडला' की घर सोडायचं, एवढं आपल्या लोकांना कळून चुकलं होतं. उंदीर मेला की त्याच्यावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. आमची मंडळी शहराबाहेर शेतात झोपड्या घालून राहिली. पणजीनं देव घेतले, धान्य घेतलं, मांजरीला टोपलीत घातलं. मांजर दुसऱ्याच दिवशी पळून वाड्यात परत. कुत्रं माणसाचं, मांजर घराचं म्हणतात ना, तसं.

त्याच काळात अमरावतीला लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन हे सिव्हिल सर्जन होते. त्यांनी वऱ्हाडातल्या गावांमध्ये चक्क मांजरांची मोजणी केली. जिथे मांजरं भरपूर, तिथे प्लेग कमी, असं त्यांना आढळलं, आणि 1908 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. म्हणजे पणजीची वाटी आणि साहेबाचा लेख एकाच दिशेनं चालले होते. पण एक बाजू सांगायला हवी. मांजराला स्वतःलाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो. त्यामुळे साथ आल्यावर मांजर आणणं हा उपाय नव्हे. उंदीर वाढूच नयेत, यासाठी ते आधीपासून असावं लागतं.

आणि एकट्या मांजरानं भागत नाही, हे इंदूरला शिकवलं पॅट्रिक गेडिस यांनी. हे स्कॉटिश नगररचनाकार 1917 साली होळकर दरबारानं बोलावल्यावरून आले. गावात प्लेग, गल्लीबोळांत घाण. त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढली आणि जाहीर केलं की ती नेहमीच्या रस्त्यानं जाणार नाही. ज्या रस्त्यावरची घरं जास्त स्वच्छ आणि दुरुस्त असतील, तिथून जाईल. झालं! मोहल्ल्या-मोहल्ल्यात चढाओढ लागली, हजारो गाड्या कचरा निघाला. मिरवणुकीत सफाई कामगार मानानं चालले, घाणीचा राक्षस होता आणि प्लेगचा एक प्रचंड उंदीरही होता. शेवटी त्यांची होळी झाली आणि लोकांना तुळशीची रोपं वाटली. पणजीनं ती मिरवणूक माडीवरून पाहिली होती. तो उंदीर ती आजीला हात पसरून दाखवायची. बरोबर शंभर वर्षांनी, 2017 साली, इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं तेव्हा मला त्याच उंदराची आठवण झाली.

आता माझी चूक. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेहून प्लेगची बातमी आली. त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावाचं नाव पेपरात आलं होतं. किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी जुनी घरं सोडली, धान्य आतच राहिलं आणि उंदीर माजले, असं कारण तेव्हा सांगितलं जात होतं. मी कॉलेजात होतो, घाबरलो होतो, शहाणपणाही फार होता. बाजारातून उंदरांचं औषध आणून कणकेच्या गोळ्यांत घालून कोठीत ठेवलं. उंदीर मेले. चार दिवसांत आमच्या दोन्ही मांजरीही मेल्या. बहुतेक त्यांनी मरायला टेकलेले उंदीर खाल्ले असावेत.

आजी ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं रे." संध्याकाळी सवयीनं तिनं वाटी उंबऱ्याशी ठेवली आणि मग स्वतःच उचलून नेली. तीन-चार महिन्यांत उंदीर परत आले. मांजर मात्र नव्हतं.

काशीला मी गेलो नाही. काही वर्षांपूर्वी भटकी मांजरं सांभाळणाऱ्या एका बाईंकडून दोन मांजरी आणल्या. नसबंदी झालेल्या, कानाचं टोक कापलेलं. माणसाच्या मांडीवर न बसणाऱ्या, पण गोदामात खुशाल राहणाऱ्या. पहिले तीन-चार आठवडे त्यांना कोठीतच ठेवलं. खाणं, पाणी, रेतीचं घमेलं, लपायला खोकं. लगेच सोडलं असतं तर त्या निघून गेल्या असत्या. जागा आपली वाटायला लागली तेव्हा दार उघडलं. संध्याकाळची वाटी पुन्हा सुरू झाली.

उंदरांची पिल्लं आणि लहान उंदीर त्या धरतात. घुशीच्या वाटेला जात नाहीत, आणि मी त्यांना दोषही देत नाही. घुशींसाठी बिळं सिमेंटनं बुजवली, मोरीला जाळी बसवली, धान्य पत्र्याच्या डब्यांत गेलं. औषध मात्र वाड्यात पुन्हा आणलं नाही. मांजर कामाला ठेवायचं तर आपल्या वाटणीचं काम आपणच करायला हवं.

बडोदा, ग्वाल्हेर, बेळगावकडच्या मंडळींच्या घरीही प्लेगच्या आणि कोठीच्या अशा गोष्टी असतीलच. घरातली वडीलधारी मंडळी आहेत तोवर विचारून घ्या आणि इथे जरूर लिहा. मला आजीला अजून बरंच विचारायचं होतं, ते राहून गेलं.