शनवार तेल्यांची हकीगत

भगिनींनो, बुलढाण्याच्या आपणा घाटावरच्या माणसांना कोकणचा समुद्र लांबचा. पण तेलाचा घाणा चांगला ओळखीचा. ही हकीगत घाण्याचीच आहे.

अलिबागच्या आसपास तेल्यांची काही घरे शनिवारी घाणा बंद ठेवीत. लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची भाषा मराठी, आडनावे गावांवरून पडलेली: केहिमकर, दिवेकर. ते स्वतःला ‘बेने इस्राएल’, म्हणजे इस्राएलची लेकरे, म्हणवीत. नौगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, तेच आपले पूर्वज, असे त्यांची परंपरा सांगते.

धर्मग्रंथ त्यांच्यापाशी उरला नव्हता. ‘शमा’ ही हिब्रू प्रार्थना तेवढी तोंडपाठ होती. बाकीचा धर्म घरात टिकला. नववर्षाला ते ‘नव्याचा सण’ म्हणत. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिन त्यांच्या तोंडी ‘बिरड्याचा सण’ झाला. डेव्हिड रहाबी नावाच्या यहुदी गृहस्थाने त्यांच्या बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले, तेव्हा त्यांनी खवले व पर नसलेले मासे बाजूला काढले. त्यावरून त्याने हे यहुदी म्हणून ओळखले, अशी आख्यायिका आहे. मला ती फार आवडते. पोथी नसता बायकांच्या हातांनी साक्ष दिली!

मुंबईत 1796 साली त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. 1813 पासून अमेरिकन मिशनरी मुंबईत काम करू लागले व 1829 साली स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. या लोकांनी ख्रिस्ताकडे वळावे, ही मिशनऱ्यांची इच्छा. त्यासाठी त्यांनी शाळा काढल्या, जुना करार मराठीत दिला. विल्सनसाहेबांनी तर 1832 साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. पण झाले निराळेच. अब्राहाम, मोशे, शब्बाथ यांच्या कथा आपल्या भाषेत वाचताच, घरातल्या चालीरीतींचा अर्थ त्यांना उलगडला. ख्रिस्ती फार थोडे झाले. बाकीचे अधिक जाणते यहुदी झाले. ख्रिस्ती शाळेच्या दारातून ते आपल्याच पूर्वजांच्या घरी पोचले.

तरीही इस्राएलात गेल्यावर त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका घेतल्या गेल्या. पुष्कळ झगडल्यावर 1964 साली तेथील संसदेने त्यांना सर्व बाबतींत यहुदी मानले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकशास्त्रीय संशोधनातही त्यांच्यात यहुदी व भारतीय अशा दोन्ही वंशांच्या खुणा आढळल्या.

संसदेचा ठराव व शास्त्राचा दाखला पुष्कळ उशिरा आले. त्याआधी कित्येक पिढ्या आयांनी मुलींना रीत शिकवली होती. म्हणून माझी विनंती, की आपापल्या घरच्या वडीलधाऱ्या बायकांना एखाद्या चालीचे कारण विचारावे आणि ते वहीत उतरवून ठेवावे.