अव्हलांच बीकन म्हणजे काय? ते कसं चालतं, आणि फोन त्याची जागा का घेऊ शकत नाही?

मी मूळची नाशिकची, आता कॅनडात कॅलगरीला राहते. दोन हिवाळे रिसॉर्टवर स्की शिकले आणि मग नवऱ्यासोबत स्की टूरिंगला जायला लागले. स्की टूरिंगमध्ये लिफ्ट नसते, आखून दिलेला उतारही नसतो. स्कीच्या तळाला न घसरणारी पट्टी चिकटवायची, डोंगर चढायचा, पट्टी काढायची आणि ताज्या बर्फातून खाली यायचं. मजा भरपूर आहे, पण हिमस्खलनाची काळजी घ्यायला तिथे रिसॉर्टसारखी माणसं नसतात.

नवऱ्याने मला बीकन घेऊन दिलं आणि सांगितलं, "जॅकेटच्या आत घाल, चालू ठेव, बस." वर्षभर मी तसंच केलं. मग एका रात्री डोक्यात आलं, तोच गाडला गेला तर? माझ्या अंगावरचं चालू बीकन मला शोधायला उपयोगी. त्याला शोधणार मी, आणि मला ते सर्चवर कसं टाकतात हेही माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात मी फक्त महिलांसाठी असलेल्या एएसटी-१ कोर्सला नाव दिलं. कॅनडातला हा पहिल्या पायरीचा हिमस्खलन कोर्स, साधारण दोन दिवसांचा: थोडा वर्गात, बाकी बर्फात. आमचा बर्फातला दिवस बॅन्फच्या उत्तरेला, बो समिटला होता.

बीकन कसं काम करतं?

बीकन म्हणजे छोटा रेडिओ. चालू असताना ते साधारण दर सेकंदाला ४५७ किलोहर्ट्‌झवर एक ठोका पाठवतं. ही फ्रिक्वेन्सी जगभर एकच, त्यामुळे कंपनी वेगळी असली तरी बीकन एकमेकांना ऐकतात. कोणी गाडलं गेलं की बाकीचे आपापलं बीकन सर्चवर टाकतात. मग स्क्रीनवर बाण आणि आकडा दिसतो.

इथे एक गंमत आहे. बाण सरळ माणसाकडे नेत नाही. सिग्नल चुंबकाभोवतीच्या रेषांसारखा वळणावळणाने पसरतो आणि आपण त्या वळणावरून चालत जातो. आकडाही सरळ अंतराचा नसतो. तो कमी होतोय ना, एवढंच बघायचं. वाढला तर उलट फिरायचं. आकडा ३ च्या आसपास आला की बीकन बर्फाला टेकवून अगदी हळू, न फिरवता, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे न्यायचं. सगळ्यात छोटा आकडा जिथे मिळेल तिथे प्रोब, म्हणजे घडीची लांब काठी, बर्फात खुपसायची. लागलं नाही तर २५-२५ सेंटिमीटरवर गोल गोल बाहेर सरकत जायचं. काठी माणसाला लागली की ती तशीच ठेवायची आणि उताराच्या खालच्या बाजूने खणायचं. फावडं धातूचंच हवं, घट्ट बसलेल्या बर्फात प्लास्टिकचं मोडतं.

माझा फोन मध्ये आला

पहिल्या सरावात माझा बाण वेड्यासारखा नाचत होता. आकडा १८, मग ३१, मग काहीच नाही. मी रडकुंडीला आले. आमच्या शिक्षिकेने फक्त विचारलं, "फोन कुठे आहे?" छातीच्या खिशात, बीकनच्या अगदी शेजारी! फोन, स्मार्टवॉच, गरम होणारे हातमोजे, हेडलॅम्प हे सगळं गोंगाट करतं. नियम असा: बीकन पाठवत असताना या वस्तू २० सेंटिमीटर लांब, शोधत असताना ५० सेंटिमीटर. चुंबकाच्या बटणाचे खिसेही टाळा. त्या दिवसापासून माझा फोन एअरप्लेन मोडवर, बॅगेत.

मग "फोनलाच बीकन बनवा" म्हणणारी अ‍ॅप्स? २०१३ मध्ये कॅनडाच्या हिमस्खलन केंद्राने अशा अ‍ॅप्सबद्दल जाहीर इशारा दिला होता. ती अ‍ॅप्स खऱ्या बीकनशी बोलतच नाहीत. जीपीएस काही मीटर चुकतं आणि ब्लूटूथचा सिग्नल बर्फात नीट जात नाही. बर्फात ४ मीटरची चूक म्हणजे भलत्याच जागी खणणं.

वेळ किती असतो, तेही सांगते. स्वित्झर्लंडच्या आकडेवारीत पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी १० मिनिटांत बाहेर काढलेले दहातले नऊ वाचले. अर्ध्या तासाला हे प्रमाण साधारण तीनवर येतं. सॅटेलाइट एसओएस असलेला फोन मदत मागवेल, जरूर मागवा, पण हेलिकॉप्टर १० मिनिटांत येत नाही. दोघंच गेला असाल तर आधी शोध.

फोन कामाचा असतो तो घरून निघण्याआधी. अव्हलांच कॅनडाच्या अ‍ॅपवर धोक्याच्या पाच पातळ्या दिसतात, त्याही झाडीच्या वर, झाडीच्या सीमेवर आणि खाली अशा वेगवेगळ्या. फसवी असते मधली, तिसरी. नाव "कन्सिडरेबल", दिसायला मध्यम, पण जीवघेण्या अपघातांतले पुष्कळसे याच पातळीच्या दिवशी होतात. फोनच्या नकाशावर उताराचा कोनही बघा: ३० ते ४५ अंश म्हणजे स्खलनाचा खास पट्टा.

फक्त महिलांचाच कोर्स का?

मलाही आधी उगाच वाटलं होतं. पण मिश्र गटात अनुभवी माणूस पटकन बीकन हातात घेतो आणि नवखी मुलगी बघत राहते. इथे प्रत्येकीला एकदा पुढारी व्हावंच लागलं. आणि आम्हाला मोठ्याने बोलायला लावलं, "मला हा उतार बरोबर वाटत नाही." इयन मॅकॅमन या संशोधकाने अपघातांचा अभ्यास करून दाखवलंय, की ओळखीची जागा, गटात चांगलं दिसायची इच्छा, "याला सगळं माहीत आहे" ही समजूत, अशा गोष्टींमुळे माणसं समोरची धोक्याची खूण सोडून देतात.

महिनाभराने तशाच तिसऱ्या पातळीच्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, मी या उतारावर येत नाही." तो जरा वैतागला. मग बॅग काढून पाण्याची बाटली उघडली, वर बघितलं आणि म्हणाला, "झाडीतून जाऊ." त्या उतारावर नंतर काय झालं, मला माहीत नाही. आम्ही थांबलो नाही.

आता आम्ही निघताना गाडीपाशीच एकमेकांचं बीकन तपासतो: एक पाठवतं, दुसरं ऐकतं, मग उलट. बहुतेक बीकनना साधे अल्कलाइन सेल लागतात. रिचार्जेबल चालतात का, ते आधी माहितीपुस्तिकेत बघा. हिवाळा संपला की सेल काढून ठेवा, आत गळले तर यंत्र बाद. आणि नवीन मॉडेल असेल तर पुढच्या हंगामाआधी सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या. काही कंपन्यांचं हे काम ब्लूटूथवरून, फोननेच होतं.