अहीर, क्रेफिश आणि सापळ्यावरचा बिल्ला

मागच्या व्याख्यानात आपण जंगलावरच्या हक्कांबद्दल बोललो. आज पाण्यात उतरू. इंग्लंडच्या नद्यांत ईल आणि क्रेफिश पकडायचे तर परवाना लागतो, आणि त्या परवान्याची गोष्ट जवळजवळ हजार वर्षांची आहे.

ईल म्हणजे आपल्याकडचा अहीर, सापासारखा लांब मासा. क्रेफिशला मात्र मराठी नाव नाही, कारण तो मुळात आपल्या नद्यांतला नव्हेच. शेवंडीची गोड्या पाण्यातली धाकटी बहीण समजा.

1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विजेत्या विल्यमने करवलेल्या पाहणीत, पूर्व इंग्लंडच्या दलदलीतली गावं मठाला किंवा जमीनदाराला खंड भरतात तो अहिरांत. स्टंटनीचे 24,000, लिटलपोर्टचे 17,000. मोजायला 25 माशांची जुडी, तिला ‘स्टिक’ म्हणत. कोकणात ओढ्याला बांबूचा सापळा लावतात तसाच तिथे विलोच्या फांद्यांचा. मासा आत शिरतो, उलटा फिरत नाही. पाणी कुणाचं, हा प्रश्न तेव्हा पडतच नसे. पाणी धन्याचं, सापळा कुळाचा, आणि मासे दोघांचे, असा हिशेब.

1215 च्या मॅग्ना कार्टात 33 वं कलम आहे: थेम्स, मेडवे आणि साऱ्या इंग्लंडातल्या नद्यांतले मासे अडवणारे बांध काढून टाका, फक्त समुद्रकिनाऱ्यावरचे राहू द्या. हे वाचून पुष्कळांना माशांचा कळवळा दिसतो. आम्हाला त्यात होड्यांची वाट मोकळी करण्याची घाई अधिक दिसते.

खरी ठिणगी पडते ती एकोणिसाव्या शतकात. सॅमन वाचवण्यासाठी संसदेने कायदे केले आणि 1873 च्या कायद्यात ईलची पिल्लंही पकडायला बंदी घातली. सेव्हर्न नदीकाठी वसंतात ही काचेसारखी पारदर्शक पिल्लं भरतीबरोबर वर येतात, आणि तिथल्या गरिबांचं ते हंगामी जेवण होतं. म्हणजे श्रीमंतांच्या गळाचा सॅमन जपताना गरिबांच्या ताटातलं काढून घेतलं, असाच त्याचा अर्थ झाला. ओरड झाली, आणि 1876 मध्ये संसदेला या पिल्लांसाठी वेगळा कायदा करून सूट द्यावी लागली. तीनच वर्षांत! परवान्याच्या इतिहासात अशी माघार क्वचितच दिसते.

पुढे 1975 च्या कायद्याने ईलच्या मासेमारीलाही परवाना लागू झाला. पण 1980 च्या सुमारापासून युरोपच्या किनाऱ्याला येणारी पिल्लं इतकी कमी झाली की घट नव्वद टक्क्यांहून जास्त भरते. बांध, पंप, रोग, अतोनात मासेमारी, सगळंच कारण. 2007 मध्ये युरोपीय संघाने नियम केला: माणसाचा हस्तक्षेप नसता तर जितके प्रौढ ईल समुद्राला गेले असते, त्यातले निदान 40 टक्के जायला हवेत. त्यानंतर परवाना ही खंडाची पावती राहिली नाही, ती राखणदाराची काठी झाली.

आता क्रेफिशकडे या, इथे सगळं उलटं. 1970 च्या दशकात शेतीचा जोडधंदा म्हणून अमेरिकेतला ‘सिग्नल’ क्रेफिश आणला, सरकारनेच उत्तेजन दिलं. तो तळ्यांतून निसटला, नद्यांत पसरला, आणि त्याच्यासोबतच्या रोगाने मूळचा पांढऱ्या नांग्यांचा क्रेफिश मरू लागला. मग त्याला पकडायला परवानगी का लागावी? लोक नेहमी विचारतात. सापळ्यात पाणमांजर बुडून मरतं. मूळचा आणि परका यांत नवशिका चुकतो. शिवाय सापळ्यात मोठे नर येतात. मोठे धाकट्यांना खातात, ते गेले की धाकट्यांचं फावतं. ओला सापळा दुसऱ्या नदीत टाकला की रोगही जातो. म्हणून ही परवानगी फुकट असली तरी तिच्या अटी कडक: सापळ्याचं तोंड 95 मिलिमीटरहून रुंद नको, वर पर्यावरण खात्याचा बिल्ला हवा, आणि जागेच्या मालकाचीही संमती. गळाला लागलेला ईल जिवंत परत सोडायचा, सिग्नल क्रेफिश मात्र परत सोडला तर गुन्हा.

वर्षाअखेर दोन्ही परवानेधारकांनी पकडीचा आकडा कळवायचा असतो, काही मिळालं नसलं तरी. लिटलपोर्टच्या 17,000 अहिरांची नोंद करणारा कारकून आणि आजचा तो अर्ज यांच्यामध्ये काय बदललं, यावर प्रश्न असतील तर विचारा.