हिऱ्याच्या आकाराचे मैदान

सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर नावाचे गाव लागते. एके काळी साधे खेडे असलेल्या या गावाच्या शिवारात आता हिऱ्यांच्या व जवाहिराच्या धंद्यासाठी वसविलेली मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. हिऱ्याला पैलू पाडण्याच्या कामात सुरतेचा हात जगात कोणी धरू शकत नाही, हे सर्वश्रुत आहे. तेव्हा इच्छापोरच्या वाटेवर कोणी ‘डायमंड’ हा शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चिमटीत धरलेला, लखलखणारा खडाच येणार. अमेरिकेतील एखाद्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला हाच शब्द ऐकवला, तर तिच्या डोळ्यांपुढे मात्र मातीचे मैदान उभे राहण्याचा संभव अधिक. साठ फूट बाजूचा चौरस एका कोपऱ्यावर उभा केला म्हणजे पत्त्यांतील चौकटच्या पानासारखी जी आकृती होते, तिलाच बेसबॉल व सॉफ्टबॉल खेळणारे ‘डायमंड’ म्हणतात.

सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा धाकटा भाऊ. थोरल्याचे मैदान नव्वद फुटी, धाकट्याचे साठ फुटी. थोरल्याचे डाव नऊ, धाकट्याचे सात. बेसबॉलमध्ये चेंडू खांद्यावरून फेकतात; सॉफ्टबॉलमध्ये तो कमरेखालून, हाताचा पूर्ण फेरा घेऊन फेकावा लागतो. चेंडूचा घेर बारा इंच, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा सुमारे तीन इंचांनी मोठा. नाव ‘मऊ चेंडू’ असले तरी हा चेंडू मुळीच मऊ नसतो. ताशी शंभर किलोमीटरच्या वरच्या वेगाने तो त्रेचाळीस फुटांवरून अंगावर येतो तेव्हा बॅट धरणारीला विचार करण्यास अर्ध्या सेकंदाचीही सवड मिळत नाही. हा बायकांचा सोपा खेळ होय, असे समजणाऱ्याने एकदा तेथे उभे राहून पाहावे.

या खेळाचा जन्म मोठा गमतीदार आहे. 24 नोव्हेंबर 1887 हा अमेरिकेतील कृतज्ञतेच्या सणाचा दिवस होता. शिकागो शहरातील फॅरागट बोट क्लबच्या दिवाणखान्यात काही तरुण पदवीधर येल आणि हार्वर्ड या विद्यापीठांतील फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसले होते. निकाल तारेने यावयाचा होता. येलने 17 विरुद्ध 8 असा सामना जिंकल्याची तार आली आणि एका खुशालचेंडू तरुणाने आनंदाच्या भरात मुष्टियुद्धाचा एक हातमोजा उचलून दुसऱ्यावर भिरकावला. त्याने तो हातातल्या काठीने टोलावून परत पाठविला. जॉर्ज हँकॉक नावाच्या सभासदाने हा प्रकार पाहिला, हातमोजा नाडीने आवळून त्याचा चेंडू केला, जमिनीवर खडूने ती चौकट आखली आणि दोन पक्ष पाडले. त्या रात्रीचा सामना 41 विरुद्ध 40 असा संपला! हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली जात असल्याने घरात खेळण्याचा बेसबॉल म्हणून हा खेळ पसरला. 1888 च्या वसंत ऋतूत तो घराबाहेर आला आणि 1889 साली हँकॉकने त्याचे नियम छापले. ज्यांना मैदान मिळत नव्हते त्यांनी चार भिंतींच्या आत शोधून काढलेला हा खेळ, ही गोष्ट पुढील इतिहास वाचताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

बरीच वर्षे त्याला धड एक नाव नव्हते. कोणी त्याला मांजरीच्या पिलाचा चेंडू म्हणे, कोणी भोपळ्याचा. मिनिआपोलिसच्या अग्निशामक दलाने तो आपल्या जवानांच्या रिकाम्या वेळासाठी उचलला. 1926 साली डेन्व्हरच्या वॉल्टर हॅकनसन या वाय.एम.सी.ए.च्या कार्यकर्त्याने ‘सॉफ्टबॉल’ हे नाव सुचविले, आणि 1933 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याची मोठी स्पर्धा झाली, तेव्हा हे नाव कायमचे चिकटले. त्या स्पर्धेत स्त्रियांचा स्वतंत्र विभाग होता. मुलींचा पहिला संघ तर शिकागोच्याच वेस्ट डिव्हिजन हायस्कूलमध्ये 1895 साली निघाला होता.

शाळेत रुजलेला खेळ महाविद्यालयात सहज पोचला असेल, असे कोणासही वाटेल. परंतु तसे घडले नाही, आणि त्याला अडथळा आला तो प्रामुख्याने स्त्री-शिक्षिकांचाच. 1923 साली वॉशिंग्टनमध्ये एक परिषद भरली. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हूव्हर यांच्या पत्नी लू हेन्री हूव्हर या तिच्या पुढारी होत्या. पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळांत तिकिटांचा पैसा, जुगार व ईर्ष्या शिरलेली पाहून या भगिनींनी ठरविले की, मुलींना चुरशीच्या सामन्यांपासून दूर ठेवावे. चार निवडक मुलींनी बक्षिसे मिळविण्यापेक्षा सर्व मुलींनी खेळावे. हा हेतू उदात्त होता यात शंका नाही. आपल्याकडेही शाळेच्या क्रीडादिनी हाच वाद होतो. पण परिणाम काय झाला? दोन-चार महाविद्यालयांच्या मुली एका दिवसासाठी एकत्र येत, त्यांचे सरमिसळ गट पाडले जात, म्हणजे कोणते महाविद्यालय जिंकले हे कळूच नये. मग खेळून, खाऊन घरी परतत. जिला खरोखर खेळायचे होते तिने गिरण्या-कारखान्यांच्या संघांकडे वळावे. कनेक्टिकटमधील स्ट्रॅटफर्ड येथे मोटारींच्या ब्रेकचे अस्तर बनविणाऱ्या रेबेस्टॉस कंपनीचा ‘ब्रेकेट्स’ हा संघ असाच नावारूपाला आला. 1965 साली मेलबर्नला पहिली जागतिक महिला स्पर्धा झाली, तीत अमेरिकेच्या वतीने हाच संघ उतरला आणि अंतिम सामन्यात यजमान ऑस्ट्रेलियाकडून एका धावेने हरला. इतक्या विद्यापीठांच्या देशाचे प्रतिनिधित्व एका कारखान्याने करावे, यातच सर्व आले.

ही कोंडी फुटली ती 1969 साली, नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात. तेथील सॉफ्टबॉल संघटनेने आणि विद्यापीठातील शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका कॉनी क्लॉसन यांनी पुढाकार घेऊन महाविद्यालयीन मुलींची पहिली अखिल अमेरिकन स्पर्धा भरविली. स्पर्धा जिंकली ती ओमाहाच्या पश्चिमेस असलेल्या वाहू या गावातील महाविद्यालयाने. मराठी कानाला आपलेसे वाटावे असे नाव. पण हे गाव चार हजारांच्या आतबाहेर वस्तीचे, भोवती शेतीच शेती. अमेरिकेचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे नाव या महाविद्यालयास दिलेले होते आणि तेव्हा त्याला जेमतेम चार वर्षे झाली होती.

या महाविद्यालयाची जन्मकथा सांगितल्यावाचून त्याच्या विजयाचे मोल कळावयाचे नाही. त्या काळी व्हिएतनामचे युद्ध पेटले होते. तरुणांना सक्तीने सैन्यात घेतले जाई. मात्र महाविद्यालयात शिकणाऱ्यास तूर्त सूट असे. शिवाय महायुद्धानंतर जन्मलेली पिढी नुकतीच वयात आली होती. तेव्हा विद्यार्थ्यांना तोटा नाही, हे ओळखून मध्य अमेरिकेतील अनेक छोट्या गावांच्या पुढाऱ्यांनी आयोवातील पार्सन्स कॉलेजचा कित्ता समोर ठेवून आपापली महाविद्यालये काढली. डेनिसन, स्कॉट्सब्लफ, अल्बर्ट ली, चार्ल्स सिटी अशा गावी ती निघाली, तशीच 1965 साली वाहूतही. गावाला उद्योग हवा होता, दुकानांना गिऱ्हाईक हवे होते. शिक्षणाचा पाया यापेक्षा भक्कम असावयास हवा होता, हे खरे. पण त्या घाईतच एक चांगली गोष्ट होऊन गेली. या नव्या महाविद्यालयाला जुन्या परंपरा नव्हत्या, म्हणून मुलींनी चुरशीने खेळू नये ही परंपराही नव्हती. नाव काढावयाचे तर मुलींच्या खेळांत काढता येईल, कारण मोठमोठी विद्यापीठे तिकडे ढुंकूनही पाहत नव्हती.

आणि त्यांनी नाव काढले. ‘पेट्रिएट्स’ नावाच्या या संघाने 1969, 1970 आणि 1971 अशी ओळीने तीन वर्षे महाविद्यालयीन सॉफ्टबॉलचे अजिंक्यपद मिळविले. बास्केटबॉलमध्येही याच महाविद्यालयाच्या मुली 1972 व 1973 साली राष्ट्रीय हौशी स्पर्धेत पहिल्या आल्या. 1971 साली टेबल टेनिसच्या निमित्ताने अमेरिका व चीन यांच्यातील बंद दारे किलकिली झाली होती. 1973 साली अमेरिकेचे बास्केटबॉल संघ चीनच्या दौऱ्यावर गेले तेव्हा मुलींचा संघ म्हणून गेला तो वाहूचाच. ज्या गावाचे नाव शेजारच्या राज्यात कोणी ऐकले नसेल, त्या गावच्या मुली पेकिंगला आपल्या देशाच्या वतीने खेळल्या.

पण तोवर खालची वाळू सरकू लागली होती. सक्तीची सैन्यभरती 1973 साली थांबली, विद्यार्थी घटले. डेनिसनचे महाविद्यालय 1970 साली बंद पडले होते, स्कॉट्सब्लफचे 1972 साली. 1973 साली अल्बर्ट लीचे गेले आणि ज्याचा कित्ता गिरविला ते पार्सन्सही गेले. वाहूचे दिवाळे 1975 साली वाजले. योगायोग असा की, त्याच वर्षीचे सॉफ्टबॉलचे अजिंक्यपद ओमाहाच्या विद्यापीठाने, कॉनी क्लॉसन यांच्याच मार्गदर्शनाखाली पटकाविले.

दैवाची थट्टा पाहा: वाहूच्या मुली जिंकत होत्या तेव्हा त्यांच्या पाठीशी कायदा नव्हता, आणि कायद्याची फळे दिसू लागली तेव्हा त्यांचे महाविद्यालयच उरले नव्हते. 23 जून 1972 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ज्या शिक्षणविषयक कायद्यावर सही केली, त्याच्या नवव्या कलमाने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष असा भेद करण्यास बंदी केली. कलमात खेळाचा उल्लेखही नाही. तरी ज्या विद्यापीठांत मुली स्वतः केक भाजून, विकून प्रवासखर्च जमवीत होत्या, तेथे हळूहळू मैदाने, मार्गदर्शक व शिष्यवृत्त्या आल्या. आजवर न फिरकलेली श्रीमंत विद्यापीठे पुढे सरसावली. 1971 पासून मुलींच्या खेळांचा कारभार स्त्रियांनीच चालविलेल्या एका संघटनेकडे होता. 1982 साली पुरुषांच्या बलाढ्य संघटनेने मुलींच्या सॉफ्टबॉलच्याही स्पर्धा सुरू केल्या, आणि ती स्त्रियांची संघटना लवकरच लयाला गेली. कायदा होण्यापूर्वी महाविद्यालयांतील मुलींच्या संघांना शिकविणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. पगार वाढले तशी त्या जागांवर पुरुषांची गर्दी झाली आणि हे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेले. मुलींना मैदान मिळाले, पण त्यांच्या शिक्षिकांच्या हातून ते निसटले. 1923 च्या त्या परिषदेतील भगिनींची भीती अगदीच पोकळ नव्हती, असे येथे म्हणावे लागते.

भारतात या खेळाची संघटना 1961 साली जोधपूरला स्थापन झाली व पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1967 साली झाली. महाराष्ट्रातही मुंबई-पुण्याच्या थाटाच्या जिमखान्यांपेक्षा जळगाव, अमरावती अशा ठिकाणी तो अधिक जीव धरून राहिला. यात नवल नाही. क्रिकेटला लागते तसली राखलेली हिरवळ आणि खेळपट्टी त्याला लागत नाही. शाळेच्या मागची सपाट जमीन पुरते. खोखोत पळताना एकदम दिशा बदलणारी, सूर मारून गडी टिपणारी मराठी मुलगी बेसवर झेपावण्यास फार शिकत नाही. खोखोचे नियम 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधून दिले. पण त्या खेळाला पहिले दोन अर्जुन पुरस्कार मिळवून दिले ते गुजरातमधील खेळाडूंनी, 1970 साली सुधीर परब यांनी आणि 1971 साली अचला देवरे यांनी. वाहूच्या मुलींनी तिसरे अजिंक्यपद मिळविले त्याच वर्षी गुजरातच्या या मराठी नावाच्या मुलीने खोखोतील स्त्रियांचा पहिला अर्जुन पुरस्कार घ्यावा, हा जुळून आलेला योग आहे. त्यावरून काही सिद्ध करण्याचे कारण नाही.

जळगावहून तापीच्या काठाकाठाने येणारा लोहमार्ग सुरतेस मिळतो. त्या मार्गाने आलेली हजारो खानदेशी कुटुंबे आज उधना, लिंबायत या भागांत राहतात. तापी तशीच पुढे इच्छापोरच्या बाजूने वाहत जाऊन हजिऱ्यापाशी समुद्राला मिळते.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ 1996 साली आला, 2008 नंतर वगळला गेला, टोकियोच्या 2021 साली झालेल्या सामन्यांत परतला, पॅरिसला पुन्हा नव्हता. लॉस एंजलिसच्या 2028 च्या ऑलिंपिकसाठी तो परत घेतला आहे, आणि त्याचे सामने ठरले आहेत दोन हजार किलोमीटर दूर असलेल्या ओक्लाहोमा सिटीस. कारण महाविद्यालयीन मुलींची ती ओमाहात सुरू झालेली स्पर्धा आता तेथेच भरते, आणि सॉफ्टबॉलचे भव्य क्रीडांगण तेथे तयार आहे. विजेत्यांची यादी तपासली तर त्यात कॅलिफोर्निया, ॲरिझोना, ओक्लाहोमा अशी बडी नावे पुनःपुन्हा आढळतात. यादीच्या पहिल्या तीन ओळींत मात्र जॉन एफ. केनेडी कॉलेज, वाहू, असे एकच नाव आहे.